नाग नदीच्या गाळातले लाल किडे सगळे एकाच जातीचे असतात का? आणि घरच्या माशांना घालता येतील का?

नाही, एकाच जातीचे नसतात. आणि 'सगळं ट्युबिफेक्सच (गाळातल्या लाल किड्यांचा एक प्रकार) आहे' असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी ते किडे भिंगाखाली नीट पाहिलेले नाहीत.

हे वाक्य मी एम.एस्सी.च्या डिझर्टेशनपासून ऐकतोय. विषय नाग नदीचा गाळच होता. चाळणीत गाळ धुतला की लाल गुंता हाती यायचा. तो ट्रेमध्ये सोडला की सगळ्यांची डोकी गाळात आणि शेपट्या वर, प्राणवायूसाठी डुलत. लाल रंग हिमोग्लोबिनचा. काहींच्या शेपटीवर बोटांसारखे कल्ले, म्हणजे ब्रँकियुरा, तो नुसत्या डोळ्यांनीही वेगळा कळतो. उरलेल्यांपैकी काहींच्या पाठीवरच्या झुपक्यांत केसांसारखे लांब रोम होते, बऱ्याच जणांत नव्हते. ट्युबिफेक्सला ते असतात, लिम्नोड्रिलस या दुसऱ्या लाल किड्याला नसतात. मी तक्त्यात वेगळे रकाने पाडले. गाईडनी ते खोडून एकच नाव लिहिलं आणि म्हणाले, "प्रदूषणाचा निर्देशक आहे, एवढं पुरे." पुरे कसं? कोण किती घाण सोसतो हे जातीवर ठरतं. जातच चुकली तर तो निर्देशक कशाचा?

त्याहून वाईट म्हणजे माझ्या सगळ्या बाटल्यांत फॉर्मॅलिन होतं. मी अल्कोहोल मागितलं, तर खर्चाचं कारण पुढे केलं. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या किड्याचा डीएनए खराब होतो. ते नमुने कायमचे मुके झाले, याचा राग अजून आहे.

आणि नुसत्या भिंगावरही भागत नाही. लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी हे नाव क्लापारेड या प्राणिशास्त्रज्ञानं 1862 मध्ये दिलं आणि जगभरच्या गाळातले किडे त्यात कोंबले गेले. 2017 मध्ये युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा त्या एका नावाखाली दहा जाती निघाल्या. बाहेरून जवळपास सारख्या, आतून केव्हाच्या वेगळ्या झालेल्या. लुम्ब्रिक्युलस व्हेरिएगॅटस या गोड्या पाण्यातल्या दुसऱ्या किड्याचीही तीच गत. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं एक जात म्हणून वापरला, 2009 मध्ये त्यात किमान दोन वेगळ्या वंशरेषा दिसल्या.

माशांचं म्हणाल तर नाग नदीतले किडे घालू नका. सांडपाण्याच्या गाळात वाढलेत ते.

एक मात्र आहे. डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. जाती ओळखायला वापरतात ते सीओआय जनुक केंद्रकात नाही, मायटोकॉन्ड्रियात असतं आणि फक्त आईकडून येतं, नुसत्या त्यावर जाती मोजल्या तर आकडा फुगू शकतो. जोडीला केंद्रकातलं एखादं जनुक हवंच. शिवाय लिम्नोड्रिलस भिंगाखाली ओळखायचा तर किडा प्रौढ लागतो, कारण ओळख त्याच्या शिश्नाच्या कडक आवरणावरून होते. पिल्लांना जातीचं नाव देऊच नये.

तुम्ही विद्यार्थी असाल तर निम्मे नमुने 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, गाईड काहीही म्हणोत. बाटली स्वतःच्या पैशानं आणावी लागली तरी आणा, आणि तक्त्यातले वेगळे रकाने कोणाला खोडू देऊ नका.