कॅलिफोर्नियात लग्नावर मतदान होतं, मग तिथं लग्न करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघी समलिंगी जोडीदार, पुण्यात राहता. एकीला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) नोकरी मिळते आहे, दुसरीला लग्नाची जोडीदार म्हणून एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) न्यायचं आहे. ज्या राज्यात लोकांनी मत देऊन समलिंगी लग्नं बंद पाडली, तिथं लग्न केलं आणि उद्या पुन्हा मतदान झालं तर व्हिसा जाईल का?

नाही जाणार. पण भीती अगदीच हवेतली नाही. २००० साली प्रॉप २२ आला (प्रॉप म्हणजे प्रॉपोझिशन, लोकांनी मतदानानं ठरवायचा प्रस्ताव): लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच. तो साधा कायदा होता. मे २००८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला आणि जूनपासून लग्नं लागू लागली. त्याच नोव्हेंबरात प्रॉप ८ आला आणि सुमारे ५२ टक्के मतांनी लग्नाची तीच व्याख्या थेट राज्याच्या घटनेत गेली. लग्नं थांबली. पण मधल्या काळात लागलेली सुमारे १८,००० लग्नं न्यायालयानं २००९मध्ये वैधच ठेवली. तुमच्या कामाचा मुद्दा हा: तिथं मतदानानं पुढची लग्नं अडली, लागलेली मोडली नाहीत.

प्रॉप ८ फेडरल (केंद्रीय) न्यायालयानं २०१०मध्ये घटनाबाह्य ठरवला, अपिलं चालली, आणि जून २०१३ अखेर लग्नं पुन्हा सुरू झाली. तरी ते वाक्य घटनेत निपचित पडून राहिलं, कारण मतदानानं घटनेत घातलेलं मतदानाशिवाय पुसता येत नाही. ते नोव्हेंबर २०२४मध्ये प्रॉप ३नं पुसलं, सुमारे ६३ टक्के मतांनी. म्हणून कुठल्याही राज्याबद्दल वाचताना टक्केवारी नंतर बघा. आधी बघा की व्याख्या कायद्यात आहे की घटनेत. कॅलिफोर्नियात नागरिकांना साध्या कायद्यासाठी गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या लागतात, घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के. पुढे मात्र दोन्हीला साधं बहुमत पुरतं! माझ्या मते शेजाऱ्यानं कुणाशी लग्न करावं हा मतपेटीचा विषयच नाही. पण समोरच्यांचा मुद्दाही ऐकण्यासारखा आहे: ४-३च्या न्यायालयीन निकालापेक्षा लोकांनी स्वतः मान्य केलेली गोष्ट जास्त पक्की बसते. प्रॉप ३ नेमका तसाच पक्का बसलाय.

व्हिसाचं गणित या सगळ्याच्या बाहेर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०१३च्या विंडसर निकालात केंद्र सरकारला समलिंगी लग्नं मानायला लावली, तेव्हापासून इमिग्रेशनवाले एकच बघतात: लग्न जिथं लागलं, तिथं ते कायदेशीर होतं का. त्याच न्यायालयाच्या २०१५च्या ओबरगेफेल निकालानं सगळ्या राज्यांत लग्न खुलं झालं. डिसेंबर २०२२च्या रिस्पेक्ट फॉर मॅरेज कायद्यानुसार केंद्र सरकारला आणि इतर राज्यांना असं लग्न मानावंच लागतं. ओबरगेफेल उलटला तर टेक्साससारख्या राज्यांतली जुनी घटनेतली बंदी जागी होऊ शकते आणि तिथं नवी लग्नं अडतील. पण तुमचं कॅलिफोर्नियातलं लग्न नोकरी टेक्सासमधल्या ऑस्टिनला हलली तरी टिकेल.

आता खरी अडचण. भारतात तुमचं लग्न लागत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तो विषय संसदेवर सोडला. त्यामुळे दोघींनी एकदम मुंबईला स्टॅम्पिंगला (वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसा घ्यायला) जायची सोय नाही. नोकरीवालीनं पुढे जायचं, दुसरीनं बी-२वर (पर्यटक व्हिसा) यायचं, लग्न करायचं, परत जायचं आणि एच-४चं स्टॅम्पिंग करून घ्यायचं. बी-२च्या मुलाखतीत "लग्न करून परत येणार" हे खरं सांगा. सर्वात मोठी चूक इथंच होते: बी-२वर येऊन लगेच आय-५३९ (तिथंच राहून व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज) भरून राहायचं. येतानाच राहायचा बेत होता, म्हणजे खोटं सांगितलं, असा संशय आला तर तो पुढे ग्रीन कार्डपर्यंत नडतो. लग्नाऐवजी डोमेस्टिक पार्टनरशिपही (लग्नाविना जोडीदार म्हणून नोंदणी) नोंदवू नका, तिच्यावर एच-४ मिळत नाही.

लग्नासाठी कॅलिफोर्नियात रहिवासी असावं लागत नाही, थांबायची मुदत नाही, रक्ततपासणी नाही. काउंटी (जिल्हा) क्लार्ककडे लग्नाचं लायसन्स म्हणजे परवाना काढायला दोघींनी पासपोर्ट घेऊन हजर राहायचं. अपॉइंटमेंट आधीच घ्या. लायसन्स ९० दिवस चालतं. लायसन्स दोन प्रकारचं. पब्लिक म्हणजे खुल्या नोंदीच्या लायसन्सला किमान एक साक्षीदार लागतो. कॉन्फिडेन्शियल म्हणजे गोपनीयला लागत नाही आणि त्याची नक्कल इतरांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळत नाही, घरी अजून सांगितलं नसेल तर हे सोयीचं. पण आपण एकत्र राहत आलो आहोत, असं त्यावर लिहून द्यावं लागतं. लग्न लावणाऱ्यानं सही केलेलं लायसन्स १० दिवसांत काउंटीकडे परत पोचवायचं असतं. ते राहिलं तर नोंदच होत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागा. समारंभात हातात दिलेला शोभेचा कागद व्हिसाला चालत नाही. काउंटीची सर्टिफाइड कॉपी मागवा, दोन-तीन एकदम.

नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा, मधल्या वडिलांच्या नावासकट. आपल्याकडे ते कधी गिव्हन नेममध्ये असतं, कधी नसतं, आणि स्टॅम्पिंगला नेमकं तिथंच अडतं. लग्नानंतरच्या नव्या नावाचा रकाना रिकामा सोडा. नात्याचा पुरावा म्हणून पुण्याचा भाडेकरार, एकत्र प्रवासाची तिकिटं, बँकेचे व्यवहार जोडा. एच-४वर लगेच नोकरी करता येत नाही. साधारणपणे एच-१बीवालीचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरायचा अर्ज) मंजूर झाल्यावरच वर्क परमिटचा अर्ज करता येतो, तेव्हा पहिली काही वर्षं एकाच पगारावर धरून चाला.

निघण्याआधी पुण्यात दोघींची मृत्युपत्रं करा. तुमचं लग्न भारतात धरलं जात नाही, आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात अशा जोडीदाराला जागा नाही. बँकेत जॉइंट खातं उघडता येतं आणि एकमेकींना नॉमिनीही करता येतं. अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४मध्ये तसं स्पष्ट केलंय. शाखेत कुणी का-कू केलं तर त्या सूचनेची प्रत दाखवा.