‘गलतीकर’ म्हणजे कोण?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘मराठी बायबलच्या नव्या करारात “गलतीकरांस पत्र” आहे. गलती करणाऱ्यांना लिहिलं म्हणून हे नाव पडलं का? आणि बाकी सगळे रोमकर, करिंथकर, इफिसकर असताना एकटे “इब्री लोक” का?’

चुकीशी या गलतीचा काही संबंध नाही. ती ‘गलती’ अरबी ‘गलत’वरून हिंदीमार्गे आपल्याकडे आली. ही गलती म्हणजे ग्रीक ‘गलातिया’, आजच्या तुर्कस्तानातल्या अंकाराच्या आसपासचा मुलूख. ‘-कर’सुद्धा दिनकर-सुखकरमधला ‘करणारा’ नव्हे, नगरकर-सातारकरमधला. ‘-स’ ही जुनी विभक्ती, पत्राच्या मायन्यात ‘यांस’ लिहितो तीच. तरी शंका येणं साहजिक आहे, कारण पत्र लिहिणारा पौल, ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक, या मंडळींवर भलताच तापलेला दिसतो. बहुतेक पत्रांत तो आरंभी वाचकांबद्दल देवाचे आभार मानतो. इथे ते सोडून थेट फैलावर घेतो आणि तिसऱ्या अध्यायात तर त्यांना सरळ बुद्धिहीन म्हणतो.

चर्चा व्हायला हवी ती ‘-कर’ची. ग्रीक शीर्षक आहे नुसतं ‘प्रोस गलातास’, म्हणजे ‘गलातांना’. गलात हे आधी माणसांचं नाव, मागाहून मुलखाचं. हे लोक मूळचे केल्ट, म्हणजे युरोपातल्या टोळ्यांपैकी. इ.स.पू. २७८च्या सुमारास बिथिनियाच्या राजाने त्यांना लढाईसाठी आशिया मायनरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बोलावलं आणि त्यांच्या तीन टोळ्या तिकडच्या पठारावर कायमच्या राहिल्या. त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम लिहितो की यांची बोली ट्रिअरकडच्या लोकांच्या बोलीसारखी आहे. ट्रिअर म्हणजे आजची जर्मनी!

पण इ.स.पू. २५मध्ये रोमने ‘गलातिया’ नावाचा प्रांत केला आणि दक्षिणेकडची इकुन्य, लुस्त्र, दर्बे ही गावंही त्यात घातली. तिथली माणसं केल्ट नव्हती. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुस्त्रमधला जमाव लुकवनी या तिथल्या भाषेत ओरडतो असा स्पष्ट उल्लेख आहे. मग पौलाचं पत्र कुणाला? उत्तरेच्या खऱ्याखुऱ्या गलातांना, की सरकारदरबारी गलातियात मोडणाऱ्या दक्षिणेतल्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना? अभ्यासकांत यावर जुना वाद आहे. मला दक्षिणेचा पक्ष अधिक पटतो, कारण पौलाने तिथे मंडळ्या कशा उभ्या केल्या ते ‘प्रेषितांच्या कृत्यां’त सविस्तर सांगितलेलं आहे. मात्र लुकवनी माणसाला तोंडावर ‘अहो गलातांनो’ म्हणणं जरा खटकतं, हे विरुद्ध बाजूचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

मराठी वाचकाला मात्र या वादाचा पत्ताच लागत नाही. ‘-कर’ गावाला किंवा मुलखाला लागतो, वंशाला लागत नाही. घरात कानडी बोलणाराही सोलापुरात राहिला की सोलापूरकर. त्यामुळे ‘गलतीकर’ म्हटलं की आपण न कळत प्रांताच्या बाजूने कौल देऊन मोकळे होतो.

करिंथकरांच्या बाबतीत हाच प्रत्यय चपखल बसतो. ग्रीसमधलं जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६मध्ये धुळीला मिळवलं. इ.स.पू. ४४मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं आणि तिथे बाहेरून माणसं आणली, त्यांत गुलामीतून सुटलेले पुष्कळ. पौलाने इ.स. ५०नंतर लिहिलं तेव्हा या नव्या गावाला शंभर वर्षंही झाली नव्हती. म्हणजे त्याचे वाचक प्राचीन ग्रीक घराण्यांतलेच असतील असं समजण्याचं कारण नाही. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचं हे गाव. बाजारात विकलं जाणारं मांस खुशाल खा, असं तो त्यांना सांगतो तिथे मांसबाजाराला त्याने वापरलेला शब्द ‘माकेल्लोन’ आहे, म्हणजे रोमनांचा लॅटिन ‘माकेल्लुम’. शर्यतीत धावणाऱ्यांचा आणि सुकून जाणाऱ्या मुकुटाचा दाखलाही असाच गावातला. इस्थमियाचे खेळ करिंथच्या शेजारीच दर दोन वर्षांनी भरत आणि जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाल्याचा मुकुट घालत.

इफिसकरांचं प्रकरण सगळ्यांत अवघड. इ.स. २००च्या आसपासची पपायरसवरची प्रत आणि चौथ्या शतकातल्या दोन नामांकित हस्तलिखितांचा मूळ मजकूर पाहिला तर पहिल्या वचनात ‘इफिस येथील’ हे शब्दच नाहीत. वर शीर्षक मात्र ‘इफिसकरांस’! दुसऱ्या शतकातला मार्सियन हा पाखंडी ठरवला गेलेला ख्रिस्ती शिक्षक हेच पत्र लावदिकीया या दुसऱ्या गावच्या लोकांना लिहिलेलं मानत होता, असं त्याचा टीकाकार तेर्तुल्यन सांगतो. पत्रात ओळखीपाळखीच्या कुणालाही सलाम नाही. पौल इफिसात दोनेक वर्षं राहिला होता हे ध्यानात घेतलं तर हे चमत्कारिकच वाटतं. म्हणून अनेकांना वाटतं की ही चिठ्ठी अनेक मंडळ्यांत फिरवायची होती. तसं असेल तर ‘-कर’ हा पत्त्याचा भाग नाही, नंतर कुणीतरी वर लावलेली चिकटपट्टी आहे.

आता इब्री. त्या पत्रात गावाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचंही नाही. शीर्षकातला ‘इब्री’ म्हणजे यहुदी, हा शब्द समाजाचा आहे, तेव्हा ‘-कर’ लावणार कशाला? भाषांतरकारांनी ‘लोकांस’ म्हटलं ते योग्यच केलं. ठावठिकाण्याचा मोठा धागा अगदी अखेरीस आहे: ‘इटलीचे’ लोक तुम्हाला सलाम सांगतात. पण हे इटलीत बसून सलाम पाठवणारे, की इटलीहून बाहेर पडून परमुलखात राहणारे? ग्रीकमध्ये दोन्ही अर्थ होतात. पत्र रोममधून निघालं की रोमला गेलं, हा वाद या एका शब्दावर अडला आहे. इथे कुणी ‘इटलीकर’ लिहिलं असतं, तर दोन्ही अर्थ आपोआप शाबूत राहिले असते. कोल्हापूरकर कोल्हापुरातही राहतो आणि डोंबिवलीतही.