माणसांपासून दूर वाढलेल्या मुलांमध्ये 'मूळ माणूस' दिसतो का?

माझ्या मते नाही. संस्कारांचं आवरण काढलेला माणूस तिथे सापडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिथे दिसतं ते सहवासाविना खुरटलेलं मूल.

लांडग्यांनी वाढवल्याच्या कथा पुरावा म्हणून धरू नका. मिदनापूरच्या अमला-कमलाची (१९२०) बहुतेक माहिती अनाथाश्रम चालवणाऱ्या एकाच पाद्र्याच्या लिखाणातून आली आहे आणि तिच्या खरेपणावर गंभीर आक्षेप आहेत.

नीट नोंदी आहेत त्या फ्रान्सच्या व्हिक्टरच्या. १८०० च्या जानेवारीत तो जंगलातून वस्तीत आला, तेव्हा अंदाजे बारा वर्षांचा होता. डॉ. इतार यांनी सुमारे पाच वर्षं त्याला शिकवलं. सुटी अक्षरं जुळवून तो 'दूध' हा शब्द मांडू लागला, पण बोलणं जवळजवळ आलंच नाही. मानसोपचारतज्ज्ञ पिनेल म्हणाले, मूल जन्मतःच मंदबुद्धी आहे. इतार म्हणाले, हा एकांताचा परिणाम आहे. हा वाद सुटत नाही, कारण आधी मूल कसं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. १९७० मध्ये लॉस एंजेलिसजवळ सापडलेल्या तेरा वर्षांच्या 'जीनी'चंही तसंच. तिचे शब्द वाढत गेले, वाक्यरचना मात्र बसली नाही. पण तिने कोंडून राहण्याबरोबर मार आणि कुपोषणही सोसलं होतं. दोष कशाचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता उलट उदाहरणं पाहा, मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात. ओहायोची 'इझाबेल' १९३८ मध्ये सापडली तेव्हा साडेसहा वर्षांची होती आणि तिला बोलता येत नव्हतं. दोनेक वर्षांत ती वयाच्या मुलांच्या बरोबरीला आली. चेकोस्लोव्हाकियातले कोंडून ठेवलेले जुळे भाऊ सातव्या वर्षी सुटले आणि तेही सावरले. इझाबेलसोबत तिची मूकबधिर आई कोंडलेली होती. जुळ्यांना एकमेकांची सोबत होती. वय कमी होतं हे खरंच, पण खुणांना खुणेने उत्तर देणारं कुणीतरी जवळ होतं, हेही तितकंच निर्णायक असावं.

एकेका मुलावरून एवढंच म्हणता येतं. भक्कम पुरावा रोमानियातल्या बुखारेस्टच्या अभ्यासाचा आहे. तिथे अनाथ मुलांच्या संस्थांमधल्या १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून, मुलांचा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत पाठवली गेली, त्यामुळे 'आधीच मंद असतील' हा आक्षेप उरत नाही. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी जास्त वाढली आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला.