वाचकांचे प्रश्न : हिजाब, नोकरी आणि ब्रिटिश कायदा

प्रश्न : माझी भाची पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधील स्विंडन येथे एका गोदामात काम करते. हिजाब घालत राहिल्यास बढती मिळणार नाही, असे पर्यवेक्षकाने तिला सांगितले. आम्ही तिला गप्प राहण्यास सांगावे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, कृपया तसे सांगू नका. गोव्यातून दूर गेलेल्या मुलीला घरच्यांचा आधार याच वेळी हवा असतो. ब्रिटनमध्ये 1976 च्या वंशसंबंध कायद्यात धर्माचा उल्लेख नव्हता; 1983 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने शिखांना वांशिक समूह मानून संरक्षण दिले, मात्र मुसलमान केवळ धर्मसमूह ठरल्याने त्या छत्राबाहेरच राहिले. नोकरीतील धार्मिक भेदभावाला बंदी करणारे नियम डिसेंबर 2003 मध्ये लागू झाले आणि पुढे ते 2010 च्या समता कायद्यात सामावले गेले. गणवेशाचा नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार एका धर्माच्या लोकांवर अधिक पडत असेल, तर तो आवश्यक व प्रमाणशीर आहे हे मालकालाच सिद्ध करावे लागते. यंत्राजवळील सुरक्षिततेसारखे कारण ग्राह्य ठरू शकते. पर्यवेक्षकाची नापसंती नव्हे.

भाचीने घडलेले संभाषण तारीख-वेळेसह लिहून ठेवावे, लेखी तक्रार द्यावी आणि ‘एकॅस’ या सलोखा संस्थेशी लगेच संपर्क साधावा, कारण न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत मोजक्या महिन्यांचीच असते.