आकडा एकच ठेव

प्रिय बाळ,

व्हिसाच्या अर्जात धंद्याची कमाई म्हणून उलाढाल लिहू की नफा, एवढंच विचारलं असतंस तर एका ओळीत उत्तर दिलं असतं: नफा. खर्च वजा जाऊन उरतो तो, कर कापण्याआधीचा. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या नात्याने राहायच्या पार्टनर व्हिसाला वर्षाला लागणारे २९,००० पौंड त्यातूनच दिसायला हवेत. (११ एप्रिल २०२४ च्या आधी पहिला अर्ज केलेल्यांना मुदतवाढीसाठी अजून १८,६०० चालतात. तुमचं लग्न उशिरा झालं, त्याला इलाज नाही.) पण तुझा खरा प्रश्न मेसेजच्या शेवटी होता. कराच्या रिटर्नमध्ये खर्च म्हणून दाखवलेला लॅपटॉप, सॉफ्टवेअर, भाड्यातला हिस्सा दुरुस्ती करून काढून टाकला तर नफा २६,००० वरून ३०,००० होतो. तर टाकू का काढून?

नको. खर्च केला होतास ना? मग तो झाला. कर भरताना गरीब आणि व्हिसा मागताना श्रीमंत, असं चालत नाही. आकडा एकच असतो.

तू म्हणशील, काका नेहमीसारखे ताणतात. ताणतो, कारण पाहिलंय. इथे टियर १ जनरल नावाचा, कुशल लोकांना गुणांवर मिळणारा व्हिसा होता तेव्हाची गोष्ट. नोकरी करा, कंत्राटं घ्या, स्वतःची कंपनी काढा, काहीही चालायचं. गुण मिळायचे कमाईवर. कित्येकांनी अर्जात एक कमाई लिहिली आणि करखात्याला दुसरी सांगितली. कोणी मुद्दाम, कोणी अकाउंटंटवर सोडून दिलं म्हणून. काहींचा तर गुन्हाच नव्हता: अर्जातले १२ महिने वेगळे, कराचं वर्ष ५ एप्रिलला संपणारं, आकडे जुळणार कसे? पुढे कायम वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा होम ऑफिसने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या गृहखात्याने, एचएमआरसीकडून, म्हणजे करखात्याकडून, आकडे मागवून शेजारी शेजारी ठेवले आणि व्हिसाच्या नियमांतला परिच्छेद ३२२(५) लावून अर्ज नाकारले. हे कलम माणसाच्या वर्तनावर बोट ठेवणारं. डॉक्टर, इंजिनिअर, लहान मुलांचे आईबाप त्यात सापडले. नुसती तफावत म्हणजे लबाडी नव्हे, निष्काळजीपणाही पुरेसा नाही, आणि ठपका ठेवण्याआधी माणसाला बोलू द्या, हे अपील कोर्टाने बालाजीगरी खटल्यात सांगितलं ते २०१९ मध्ये. तोवर कित्येकांचा काम करायचा हक्क जाऊन घरं रिकामी झाली होती.

मी त्या यादीत नव्हतो. पण फुकट वाचलो नाही. एका उन्हाळ्यात माझी कंत्राटं आटली आणि गुण कमी पडायला लागले. पुढच्या महिन्यांची बिलं आधीच्या तारखा घालून लावू, सगळेच करतात, असं अकाउंटंट म्हणाला. मी ऐकलं नाही. कंपनी बंद केली आणि एका साहेबाच्या हाताखाली स्पॉन्सर नोकरी (मालकाच्या जोरावर व्हिसा मिळतो ती) धरली, निम्म्या पैशात. त्या वर्षांत घर घ्यायचं राहिलं ते राहिलंच. तुझी काकू अजून ऐकवते, आणि तिचं चुकत नाही. तुझ्या हट्टाचे हप्ते आम्ही भरले, असं ती म्हणते. तरी पुन्हा तेच केलं असतं. हे तुला सांगतोय की तिला, देव जाणे.

असो. आता ते ट्यूशनचे रोख पैसे. दोन वर्षं मुलांना गणित शिकवतेस आणि ते कुठेच लिहिलं नाहीस? याचा मला जास्त राग आलाय. छोट्या धंद्याच्या कमाईवर १,००० पौंडांपर्यंत करात सूट आहे म्हणून सांगू नकोस. तुझ्या धंद्याचा खर्च तू वजा केलायस, दोन्हीकडून घेता येत नाही. रिटर्न भरायच्या ३१ जानेवारीपासून १२ महिन्यांत दुरुस्ती करता येते, तेव्हा लॅपटॉप काढायला नाही, हे घालायला दुरुस्ती कर. कर आणि व्याज भर. तारखा, रक्कम, कोणाच्या मुलाची शिकवणी, बँकेत कधी भरले, सगळं एका कागदावर मांड. कर भरलेली रोख कमाई धरली जाते. अर्जाच्या तोंडावर दुरुस्ती का केली, याचं साधं, खरं पत्र सोबत जोड.

एवढं करूनही २९,००० होणार नाहीत, मी हिशेब केलाय. म्हणून काय आकडा फुगवायचा? गेल्या दोन पूर्ण वर्षांची सरासरीही चालते, आणि आधीचं वर्ष बरं गेलं होतं असं तूच म्हणालीस. त्याच वर्षात पगाराची नोकरी केली असशील तर तो पगारही धंद्याच्या नफ्यात मिळवता येतो. आईने पाठवलेली ठेव मात्र यात मिळवता येत नाही. स्वतःच्या धंद्याच्या उत्पन्नाला बचतीचा टेकू चालत नाही. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण फसतात.

सध्याच्या व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज गेलाच पाहिजे, तेवढी तारीख डोक्यात ठेव. शनिवारी ये. दोन्ही वर्षांची टॅक्स कॅल्क्युलेशन (कराच्या हिशेबाचा कागद) आणि त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट आण, छापून आण, फोनवर दाखवू नकोस. फॉर्म भरायला घेतला असशील तर उत्पन्नाचं पान कोरं ठेव. आणि अकाउंटंटने कालच दुरुस्ती पाठवून दिली असेल तर आत्ता रात्रीच फोन कर, मी जागा आहे.

तुझा,
काका