हाड घडवणाऱ्या पेशींचा आकार काय सांगतो?

प्रश्न : मी वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. काचपट्टीवर हाड घडवणाऱ्या पेशी एका ठिकाणी चौकोनी, तर दुसरीकडे सपाट दिसल्या. त्या दोन वेगळ्या जातींच्या आहेत का? – एक विद्यार्थिनी, परळ, मुंबई

उत्तर : नाही, पेशी त्याच आहेत, फक्त त्यांचे काम वेगळ्या टप्प्यावर आहे. ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणारी पेशी, जोमाने काम करत असते, तेव्हा तिला कोलॅजेन आणि इतर प्रथिने मोठ्या प्रमाणावर तयार करावी लागतात. त्यासाठीचे खडबडीत अंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड (पेशीतले प्रथिने बनवणारे व ती बाहेर पाठवण्यासाठी तयार करणारे भाग) यांचे जाळे वाढल्याने पेशी फुगून घनाकार होते. काचपट्टी पुन्हा नीट पाहा : पेशीद्रव्य निळसर-जांभळे दिसेल, केंद्रक बहुधा हाडाच्या पृष्ठभागापासून दूर सरकलेले असेल आणि त्याच्याजवळचा फिकट डाग म्हणजे गॉल्जीची जागा. पेशींच्या रांगेखाली गुलाबी पट्टा दिसला, तर तो अजून खनिजे न साचलेला ताजा ऑस्टिऑइड, म्हणजे हाडाचा कच्चा मऊ थर होय. मला तरी ऊतिशास्त्रातले हे फार देखणे दृश्य वाटते.

काम थांबले की काही पेशी हाडातच गाडल्या जाऊन ऑस्टिओसाइट (हाडातील प्रौढ पेशी) होतात, बऱ्याच मरतात आणि उरलेल्या चपट्या होऊन पृष्ठभागावर अस्तरासारख्या पसरतात. मात्र या अस्तरपेशींना मृत समजू नका. पॅराथायरॉइड संप्रेरक अधूनमधून दिल्यास त्या पुन्हा घनाकार होऊन हाड घडवू लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.