सर्वांत महान वेगवान गोलंदाज कोण, आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला तसे व्हायचे असेल तर उंची किती हवी?

सर्वांत महान गोलंदाज वेस्ट इंडिजचा माल्कम मार्शल. ८१ कसोटींत ३७६ बळी, तेही दर बळीमागे सरासरी २०.९४ धावा देऊन. यावर मी फारसा वाद घालणार नाही. पण प्रश्नातला उंचीचा भाग वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

१९८९ साली, सोळाव्या वर्षी, मी सोलापुरात एका निवड चाचणीला गेलो होतो. प्रशिक्षकांनी माझे चार चेंडू पाहिले आणि मला खोलीच्या दाराशी उभे केले. चौकटीवर खडूने सहा फुटांची खूण केलेली होती आणि ती माझ्या डोक्याच्या चांगली वीतभर वर होती. तिसऱ्या चेंडूवर मी मधली यष्टी उखडली होती. ती पुन्हा जमिनीत ठोकत असल्याचा आवाज मला दारापाशी ऐकू येत होता. "तू ऑफस्पिन टाक," असे ते म्हणाले. मी मार्शलचे नाव घेतले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की वेस्ट इंडिजच्याच गार्नरसारखे उंच गोलंदाज दुसऱ्या टोकाला असले की बळी कोणालाही मिळतात.

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, ते आता देतो. १९८३-८४ च्या भारत दौऱ्यावर गार्नर आलाच नव्हता, तरीही सहा फुटांहून कमी उंचीच्या मार्शलने आपल्या खेळपट्ट्यांवर सहा कसोटींत ३३ बळी घेतले. कानपूरला त्याच्या उसळत्या चेंडूने गावसकरांच्या हातातून बॅट उडाली आणि ते झेलबादही झाले; गावसकरांच्या तंत्राबद्दल ज्याला आदर आहे, त्याला या एका चेंडूचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना मार्शल एका हाताने फलंदाजीला आला, दुसऱ्या टोकाला सहकारी गोम्सचे शतक पूर्ण होईपर्यंत टिकला आणि मग प्लास्टर घातलेल्या हातानिशी त्याने ५३ धावांत ७ बळी घेतले.

त्याची उंची त्याच्या आड आली नाही, उलट कामालाच आली. उंच गोलंदाजाचा आखूड चेंडू पुष्कळदा डोक्यावरून निघून जातो. मार्शलचा चेंडू खालून सुटत असल्यामुळे टप्पा पडल्यावर घसरत थेट गळ्याशी येई आणि फलंदाजाला तो सोडून देण्याइतका वेळच मिळत नसे. खरा वेग त्याच्या झपाझप धावण्यात आणि हात वेगाने फिरवण्यात होता. १९३२-३३ च्या, अंगावर येणाऱ्या चेंडूंमुळे गाजलेल्या बॉडीलाइन मालिकेत ३३ बळी घेणारा इंग्लंडचा लारवूडही बुटकाच होता आणि अलीकडचा दक्षिण आफ्रिकेचा डेल स्टेनही सहा फुटी नव्हता.

उंचीचा काहीच फायदा नसतो, असे मात्र मी म्हणत नाही. अँब्रोज किंवा मॅकग्रा या उंच गोलंदाजांना मिळे तशी उसळी बुटक्या गोलंदाजाला चांगल्या टप्प्यावरून मिळत नाही. एकदिवसीय सामन्यांचा विचार केला, तर माझी पसंती वसीम अक्रमला आहे.

मुलाला कोणी उंचीवरून परत पाठवू लागले, तर आधी त्याची सहा षटके पाहा, असा आग्रह तुम्ही स्वतः तिथे उभे राहून धरा. चार चेंडूंत गोलंदाज कळत नाही, हे त्या दिवशी माझ्या बाजूने म्हणणारे तिथे कोणी नव्हते.